त्याचा गुडघा, माझा झेंडा

नाचणाऱ्या बायकांवर मी एक पत्रक लिहिलं होतं. नागपूरला, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. सायक्लोस्टाइलची शाई हाताला लागली ती बरेच दिवस निघाली नाही. मथळा होता ‘चाळ तोडा!’ आमच्या बायकांनी दुसऱ्यांच्या करमणुकीसाठी पायात चाळ बांधायचे नाहीत, फडावर उभं राहायचं नाही, समोरचा फेटेवाला दौलतजादा म्हणून नोट नाचवेल तर ती त्याच्या तोंडावर फेकायची. चौकात उभी राहून मी ते मोठ्याने वाचलं. टाळ्या पडल्या. आईची एक मावशी फडावर नाचत असे आणि तिच्याच जिवावर तिची भावंडं शिकली, हे त्यात नव्हतं. आमच्या घरात तिचा विषय निघत नसे.

ते पत्रक मला आजही पटतं. शब्दन् शब्द. म्हणूनच पुढचं लिहिणं जड जातं. आमच्या चळवळीच्या मासिकांत प्रेमाला शेवटच्या पानावर, कवितेच्या चौकटीत जागा मिळते. गद्यात कोणी प्रेम करत नाही. ठीक आहे. मी गद्यात लिहिते.

शिष्यवृत्ती मिळाली आणि मी मॅसॅच्युसेट्सला आले. कॉलेज वुस्टरमध्ये, राहणं शेजारच्या श्रूजबरीत, एका काका-काकूंच्या घरी, तळघरातल्या खोलीत. नात्यातले नव्हेत, चळवळीतले. काका इंजिनियर, दर जयंतीला भाषण करणारे. काकू मूळच्या औरंगाबादच्या, हॉस्पिटलात नर्स. पहिल्याच दिवशी काका म्हणाले, “तुझ्या वडिलांना शब्द दिलाय मी. एवढं लक्षात ठेव.” बाकी काही अट नव्हती. पण ही एकच अट अशी होती, की मी जिना चढताना तिचा विचार करायची आणि उतरतानाही.

गावातली इतर मराठी मंडळी दिवाळीला भेटत. समुद्र ओलांडून आलेले लोक, पण पहिला प्रश्न आडनावाचा. आडनाव ऐकलं, की चेहऱ्यावरचं हसू तसंच राहायचं, फक्त आतून दिवा मालवल्यासारखं. मी दोनदा गेले आणि सोडून दिलं. तेव्हा कॉलेजात दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या राजवटीविरुद्ध आंदोलन पेटलं होतं. तिथे व्यापार करणाऱ्या कंपन्यांत कॉलेजने पैसे ठेवू नयेत, ही मागणी. मला कोणी बोलवायची गरज नव्हती. मी पत्रकं वाटायला लागले. घोषणा द्यायला लागले. माझं इंग्रजी नागपुरी, पण आवाज खणखणीत.

अशाच एका शनिवारी फ्रेमिंगहॅमच्या सुपरमार्केटच्या दारात मी पत्रक वाचत होते. एक माणूस सामानाच्या गाडीला टेकून उभा होता. रंगारी असावा. दंडापर्यंत दुमडलेल्या बाह्या, हातांवरच्या केसांत पांढऱ्या रंगाचे कण. त्याच्या डाव्या हातात काडेपेटी होती आणि उजव्या हाताच्या बोटांनी तो ती वाजवत होता. टिक टिकटिक टिक. माझ्या आवाजावर!

मी वाचन थांबवलं आणि तडक त्याच्याकडे गेले. “थट्टा करतोस?”

“नाही, नाही,” तो घाबरून म्हणाला. त्याचं इंग्रजी माझ्याहून मोडकं. “तू थांबू नको. तू थांबली की माझं तुटतं.”

“काय तुटतं?”

त्याने काडेपेटी कानाशी नेऊन हलवली. “सांबा. आमच्याकडचा नाचाचा ताल. तू जे ओरडतेस ना, ते सांबातच आहे. तुला माहीत नाही?”

मला माहीत नव्हतं. मी त्याला पत्रक दिलं. “वाच आधी.” तो म्हणाला, “तू वाच, मी ऐकतो.” मी वाचलं. पहिल्यांदाच माझं पत्रक कोणीतरी शेवटपर्यंत ऐकलं. ते पटलं म्हणून ऐकलं की आवाजासाठी, हे मी अजून ठरवू शकलेली नाही.

तो ब्राझीलचा. तिथल्या एका गावातून निम्मी तरुण पोरं या फ्रेमिंगहॅमला आली होती, असं तो सांगायचा. घरं रंगवायची, हॉटेलांत भांडी घासायची, ऑफिसं पुसायची. आम्ही कॉफी प्यायला लागलो. एकदा त्याने माझा हात टेबलावर उताणा ठेवला, मनगटावर काडेपेटी ठेवली आणि हलक्या बोटांनी वाजवली. आतल्या काड्या नाडीवर नाचत होत्या. मी हात काढून घेतला नाही. टर्पेंटाइनचा वास, खिडकीबाहेरचा राखाडी बर्फ, आणि मनगटापासून कोपरापर्यंत, कोपरापासून अजून कुठे कुठे पोचलेलं ते टिकटिक. त्या आठवड्यात माझा एकही निबंध धड झाला नाही.

फोनचं ठरलं ते असं: तो काकूंच्या घरी फोन करायचा, घंटी वाजली की लगेच ठेवून द्यायचा. म्हणजे रविवारी त्यांच्या सांबा मंडळाची तालीम आहे, ये. मी लायब्ररीच्या नावाने बस पकडायची. एवढ्याशा खोटेपणाने माझी झोप उडायची. मोर्च्यात लाठी बघून मी मागे हटले नव्हते, पण काकूंनी “लायब्ररीत गर्दी असते का गं?” असं विचारलं, की मी न वाचलेल्या पुस्तकांची नावं सांगत सुटायची.

तालीम एका चर्चच्या तळघरात व्हायची, रविवारी दुपारी. मी पहिल्यांदा गेले ती हाताची घडी घालून, भिंतीला पाठ लावून. ढोल सुरू झाले आणि आठवडाभर ऑफिसं पुसणाऱ्या बायका मधोमध आल्या. चाळिशीच्या, पन्नाशीच्या. स्वेटर कमरेला बांधलेले. त्यांची कंबर अशी काही सुटली की मी नजर खाली घातली. मग वर केली. मी शोधत होते तो फेटेवाला. नोट नाचवणारा. तो कुठेच नव्हता. पुरुष ढोल वाजवण्यात घामाघूम झाले होते आणि बायका आपल्याआपल्यात हसत नाचत होत्या. कोणी कोणाला विकत घेत नव्हतं. मला याचा राग आला. खरंच सांगते, राग आला. हे असंही असतं, तर आमच्या वाट्याला ते तसंच का आलं?

त्या सगळ्यांची मुख्य होती एक वयस्क शिवणकाम करणारी बाई, रिओची. तरुणपणी ती तिथल्या सांबा मंडळाचा झेंडा घेऊन फिरायची. आता तिचा गुडघा गेला होता आणि जीभ शाबूत होती. मी मनात तिला मावशी म्हणायची. तिने मला समजावलं की सांबाच्या मिरवणुकीत एक जोडी असते. बाईच्या हातात मंडळाचा झेंडा. तिच्याभोवती एक पुरुष, तिचा आणि झेंड्याचा राखणदार. बाईने सांबा नाचायचा नाही, कंबर हलवायची नाही. तिने फक्त फिरायचं, आणि झेंडा सतत उघडा ठेवायचा. काठीला गुंडाळला, की इज्जत गेली. पुरुषाने तिला एकदाही पाठ दाखवायची नाही आणि तिच्यावरून नजर काढायची नाही.

मावशीची झेंडेवाली बाळंतपणाला टेकली होती. कार्निवल, म्हणजे त्या मिरवणुकीचा सण, महिन्या-दीड महिन्यावर. रंगारी म्हणाला, “हिला दे. ही रोज झेंडे धरते.”

आणि मी हो म्हणाले! का, तर मला सोय सापडली. मी नाचणार नव्हते ना. मी फक्त झेंडा धरणार होते. झेंडा धरण्याबद्दल माझ्या कुठल्याच पत्रकात काही वाईट लिहिलेलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी झेंडा घेतला तो मोर्च्यात घेतात तसा. मूठ आवळून, काठी ताठ, पावलं आपटत. मावशी ओरडली, “अरे थांबवा हिला! ही कुठलं सरकार पाडायला निघाली?” सगळे हसले. मी फिरले तर पिवळं सॅटिन काठीला गुंडाळलं. परत फिरले, परत गुंडाळलं. “मनगट सैल,” मावशी म्हणाली. “झेंडा तुला पकडतोय, तू त्याला नाही.” काही रविवार असे गेले, आणि मग एकदा कापड फडफडत उघडलं आणि उघडंच राहिलं. मी त्याच्या मधोमध. बाहेर तो रंगारी, राखणदार म्हणून.

त्याची नजर कशी सांगू? बघण्याचे दोन प्रकार मला ठाऊक होते. एक, गावात पाटलाच्या ओट्यावरून आमच्या आयाबायांकडे बघतात तसं. दुसरा, दिवाळीच्या कार्यक्रमात नजर माझ्यावरून दुसरीकडे सरकायची तसं. हा माणूस बघत होता ते या दोन्हींत बसेना. तो डावीकडे गेला तरी बघत होता, गिरकी घेतली तरी मान आधी वळवून बघत होता, जणू डोळे हटले तर मी पडेन. ढोल पोटात वाजत होते. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता आणि मी कंबर हलवत नव्हते. त्या हॉलमध्ये सगळ्यात कमी नाचणारी बाई मीच होते आणि सगळ्यात उघडीही मीच. कोणी ओळखीचं आत आलं तर? काका आले तर? दाराकडे बघावं म्हटलं तर त्याच्या डोळ्यांतून सुटता येईना.

कार्निवलच्या आदल्या रविवारी मावशीने शेवटची जागा शिकवली. ढोलांचा आवाज खाली येतो. राखणदार पुढे येतो, एक गुडघा टेकतो, झेंड्याची कड हातात घेतो आणि त्या कडेला ओठ लावतो. मला ते आधी सांगितलंच नव्हतं.

तो आला. हसत. माझ्यापुढे खाली गेला. त्याचं डोकं माझ्या कमरेच्या खाली, मान वाकलेली, ओठ झेंड्यापाशी. आणि मी काठी एका हातात घेऊन दुसऱ्या हाताने त्याची कॉलर धरली आणि त्याला उभं केलं. ओढून. “ऊठ! आमच्यात कोणी कोणापुढे वाकत नाही!”

मराठीत ओरडले. कोणाला कळलं नाही आणि सगळ्यांना कळलं. ढोल थांबले. त्याच्या शर्टाचं बटण तुटून लांब गेलं. तो पांढरा पडला. कोट उचलून तो बाहेर गेला.

मी मागे गेले. पार्किंगमध्ये गुडघाभर बर्फ. तेच मी त्याला इंग्रजीत सांगितलं. “मी तुझ्या पायाला हात लावला?” तो म्हणाला. “मी झेंड्याला ओठ लावत होतो.”

“झेंडा मी धरलाय.”

“म्हणूनच तर!”

मी त्याला माझ्या आज्याबद्दल सांगितलं. पाटलाच्या दारात, उंबऱ्यापासून लांब, जमिनीला हात लावून जोहार घालायचा. रोज. थंडीत, तापात. त्याने वाकणं सोडलं ते धर्म बदलल्यावर, आणि तेव्हा त्याची पाठ सरळ होण्यासारखी राहिली नव्हती. ज्या दिवशी मी दीक्षेची शपथ घेतली त्या दिवशी ठरवलं, माझ्यासमोर कोणी वाकणार नाही आणि मी कोणासमोर नाही.

तो ऐकत होता. मग म्हणाला, “माझा बापही वाकायचा. कॉफीच्या मळ्यात, मालकाचा घोडा जाईपर्यंत. पण आईपुढे नाचताना तो गुडघा टेकायचा, ते त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. तेवढं एकच त्याचं स्वतःचं.”

मी जास्त मोठ्याने बोलले. काय बोलले ते लिहीत नाही, पत्रकातलंच होतं.

“रविवारी ये,” तो शेवटी म्हणाला. “झेंडा तूच धर. मी गुडघा नाही टेकणार. पण मग आपल्यात काय राहील, मला माहीत नाही. आणि नाही आलीस तर मी समजून घेईन.”

तो आठवडा! फोन वाजला नाही. वाजला तर काकांसाठी. मी तळघरात बसून वरचे आवाज ऐकायची. आपण बरोबर आहोत याची मला खात्री होती, आणि बरोबर असून कान सारखे फोनकडे कशाला लागतात, हे कळत नव्हतं. जेवताना काकूंनी भात वाढला आणि सहज म्हणाल्या, “हल्ली तो राँग नंबर येत नाही गं.” काका पेपर वाचत होते.

रविवारी बर्फ पडायला लागला आणि बस कॅन्सल झाली. मी कोट घालून दारात उभी. काकू किल्ली घेऊन आल्या. “चल, ड्राइव्ह करते मी. कुठली लायब्ररी?”

“फ्रेमिंगहॅम,” मी म्हणाले. आणि गाडी रस्त्याला लागल्यावर, “चर्च आहे ते.”

“चर्च?” काकूंनी वायपर वाढवले. “परत धर्म बदलतेस की काय? एकदा केलंय आपण. पुरे झालं.”

“ब्राझीलच्या लोकांचा कार्यक्रम आहे काकू. मी झेंडा धरते.”

“कोणाचा?”

“त्यांचा.”

“आपला कमी पडला?” थोडं थांबून, “आणि राँग नंबर तिथेच असतो का?”

मी खिडकीबाहेर बघितलं.

“नाचणार आहेस?”

“नाही. मी फक्त फिरते.”

“हं. फक्त फिरते.”

“काकांना सांगाल?”

“मला रस्ता बघू दे. गाडी घसरतेय.”

मला वाटलं, त्या सोडून जातील. त्यांनी गाडी पार्क केली.

तळघरात दाराशी ओल्या बुटांचा ढीग, खाली पाण्याची थारोळी, हीटरचा वास, तळलेल्या पदार्थांचा वास. बायकांनी चमकीच्या कपड्यांवर स्वेटर चढवलेले. मावशीने पडद्याच्या कापडातून शिवलेला घेरदार झगा माझ्या अंगात घातला आणि कानात म्हणाली, “आज कोणाला मारू नको.” काकू दाराजवळच उभ्या राहिल्या, जाड कोट न काढता, पर्स छातीशी धरून. तो दुसऱ्या टोकाला. पांढरा सूट, कोणाचा तरी मागून आणलेला, बाह्या आखूड. कानामागे रंगाचा डाग तसाच. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि नमस्कारासारखी मान हलवली. परक्याला हलवतात तशी.

ढोल सुरू झाले. मी फिरले. झेंडा उघडला. त्याने सगळं बरोबर केलं. पाठ दाखवली नाही, नजर काढली नाही. पावलं बिनचूक. पण डोळ्यांत तो नव्हता. तो राखण करत होता, बस्स. पहाऱ्यावरच्या शिपायासारखी. मग ढोलांचा आवाज खाली आला. तो पुढे आला आणि उभा राहिला. ताठ. हात बाजूला.

शब्द पाळला त्याने. माझ्यासमोर कोणी वाकलेलं नव्हतं. मला हवं होतं तसंच झालं होतं, आणि समोर असा माणूस उभा होता ज्याला मीच हुकूम सोडला होता. ढोल तेवढ्याच तुकड्यावर फिरत राहिले. वाजवणारे एकमेकांकडे बघायला लागले. लोक कुजबुजायला लागले. मावशी तोंडाने काहीतरी सांगत होती. दाराशी काकू.

मी गुडघा टेकला नाही. ते माझ्याकडून होणार नाही, आजही. पण झेंड्याची कड मी माझ्या हाताने गोळा केली, एक पाऊल पुढे गेले आणि कड त्याच्या ओठांपर्यंत नेली.

“घे,” मी म्हणाले.

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. तो परत आला होता, डोळ्यांत. मग ओठ टेकवले. कापडाखाली माझी बोटं होती. त्याचा श्वास गरम होता, ओठ थंड. ते मनगटापासून कोपरापर्यंत, सगळं. मी त्याच्या कानाशी म्हणाले, “आता तुला स्वतःला वाटत असेल तर.”

तो लगेच वाकला नाही. आम्ही एक पूर्ण फेरी घेतली. नंतर, ढोल परत खाली आले तेव्हा, त्याने गुडघा टेकला. माझा हात त्याच्या कॉलरकडे गेला. मी तो मधेच थांबवला. खांद्यावर ठेवला. तिथे राहू दिला.

निघताना जिन्यात तो म्हणाला, “फोन करू? वाजवून ठेवू?”

“कर,” मी म्हणाले. “ठेवू नको.”

काकूंनी गाडी रस्त्यावर काढली. रस्त्यावरचा बर्फ सारणाऱ्या नांगराच्या गाडीमागे आम्ही रांगत होतो. मग म्हणाल्या, “झेंडा नीट धरलास.”

मी ओले हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

“रंगाचं काम करतो का तो? कानामागे रंग होता.”

“हो.”

“हं. आमचं बेसमेंट रंगवायचं राहिलंय कधीचं.” वळण आलं. “तुझ्या आईची मावशी फडावर नाचायची ना गं?”

मी त्यांच्याकडे वळले. “तुम्हाला कसं माहीत?”

“सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या घरी सोडून.”

घरी पोचलो तेव्हा काका कोचावर बसले होते. आम्ही दारातच, बूट ओढून काढतोय, तोवर फोन वाजला. मी तशीच एका बुटावर थांबले. एकदा वाजला. परत वाजला. तो थांबेना. काका पेपर बाजूला ठेवून उठले.

काकू बुटाच्या नाडीशी झटत खालीच वाकून म्हणाल्या, “बसा हो. तिचा आहे.”

काका उभेच राहिले. माझ्याकडे बघत. फोन वाजतच होता. मी एका बुटाने कार्पेटवर बर्फ सांडत गेले आणि रिसिव्हर उचलला.